टोचन, कूलिंगचं पाणी आणि एक व्हॉल्व्ह: तीन जेट स्कींवरच्या कामाच्या नोंदी

देवबाग, तालुका मालवण. तीन यामाहा व्हीएक्स, तीन सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन, तिन्ही वॉरंटीबाहेरच्या. काम एवढंच: बंद पडलेली स्की होडीमागे ओढून आणताना इंजिनात पाणी जाऊ नये याची सोय करणं. अंदाज दोन दिवसांचा होता, लागले तीन आठवडे.

3 नोव्हेंबर 2024, रविवार

स्की नंबर 2. इंपेलरमध्ये (पंपातल्या फिरणाऱ्या पंख्यात) मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा तुकडा गुंडाळला आणि इंजिन बंद पडलं. दिवाळीची गर्दी, सगळ्यांना घाई. होडीने तीनेक किलोमीटर टोचन करून आणली, वेग ताशी वीसच्या आसपास. किनाऱ्यावर जाळं कापून काढलं आणि स्टार्टर दाबला. एकदा ‘टक्’ आवाज आला, पुढे काही नाही.

सीट काढून पाहिली तर आत कोरडं ठणठणीत. त्यामुळे पहिला संशय बॅटरीवर गेला आणि अर्धा तास जंपर लावण्यात घालवला. तो घालवताना पुन्हा स्टार्टर दाबला गेला नाही हे नशीब. सिलिंडर पाण्याने भरलेले होते. पाणी दबत नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि जोर कनेक्टिंग रॉडवर जातो. रॉड वाकला की इंजिन खोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

पाणी आलं कुठून, ते इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम त्यावर आहे. या स्कीला पाण्याचा वेगळा पंप नाही. स्कीला पुढे ढकलणाऱ्या जेट पंपात दाब तयार होतो, तिथूनच एक नळी निघते आणि इंजिन व एक्झॉस्ट थंड करायला जाते. इंजिन चालू असताना एक्झॉस्टचा वायू ते पाणी वॉटर बॉक्समधून (एक्झॉस्टच्या वाटेतल्या डब्यातून) बाहेर ढकलत राहतो. इंजिन बंद ठेवून स्की ओढली की खालच्या जाळीतून पाणी घुसतं, पंपातून त्याच नळीत चढतं, पण बाहेर ढकलणारा वायू नसतो. वॉटर बॉक्स भरतो, मग एक्झॉस्टची नळी, मग जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल त्यातून सिलिंडर.

कावासाकीच्या स्कीतही समुद्राचंच पाणी इंजिनात फिरतं. सी-डू या आणखी एका ब्रँडच्या चार-स्ट्रोक इंजिनाला कूलंटचं बंद चक्र असतं, म्हणून ‘सी-डूला भीती नाही’ असं किनाऱ्यावर ऐकायला मिळतं. पण तिच्याही एक्झॉस्टला बाहेरचंच पाणी लागतं, आणि सिलिंडरकडे जाणारी वाट एक्झॉस्टचीच आहे.

4 नोव्हेंबर, सोमवार

खरं तर हे काम कालच संध्याकाळी व्हायला हवं होतं. खारं पाणी सिलिंडरमध्ये रात्रभर ठेवणं म्हणजे व्हॉल्व्हच्या बैठकीला आणि रिंगांना गंज देणं. थोडक्यात वाचलो.

क्रम चुकल्याने दोन तास गेले, म्हणून बरोबर क्रम लिहितो. आम्ही आधी स्पार्क प्लग काढले आणि स्टार्टर मारला. तिन्ही भोकांतून फवारे उडाले, पाणी संपल्यासारखं वाटलं, पाच मिनिटांनी पुन्हा मारला तर पुन्हा पाणी. वॉटर बॉक्स भरलेलाच होता. पिस्टन खाली जाताना उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून तेच पाणी परत आत ओढत होता.

मग असं केलं. ट्रेलरवर स्कीचं नाक उंच केलं, मागचे दोन्ही ड्रेन प्लग काढले. वॉटर बॉक्सच्या रबरी नळीची क्लिप सोडून हातपंपाने आतलं पाणी उपसलं. साडेचार लिटर निघालं. त्यानंतर कॉइलचे कनेक्टर काढले, कारण भोकांतून पेट्रोलची वाफही येते आणि तिथे ठिणगी नको. मग स्पार्क प्लग काढले, भोकांवर कापड टाकलं, तोंड बाजूला ठेवलं. स्टार्टर पाच सेकंद, मग पंधरा सेकंद थांबायचं, नाहीतर स्टार्टर जळतो. सहा फेऱ्यांत कोरडं झालं. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून आणखी एक फेरी.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. एखादा ठळक कमी आला असता तर वाकलेल्या रॉडचा संशय घ्यावा लागला असता.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं. या इंजिनाचं ऑइल खालून बोल्ट काढून सोडता येत नाही, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढावं लागतं. त्यामुळे एका बदलात सगळं निघत नाही, जेवढं निघालं तेवढं मोजून नवीन घालायचं. तीन बदल केले. प्रत्येक बदलानंतर नळाचं पाणी जोडून इंजिन पाच मिनिटं चालवलं. पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा करडं, तिसऱ्यांदा स्वच्छ. फिल्टर पहिल्या आणि शेवटच्या बदलात.

नळाचं पाणी जोडताना क्रम पाळा: आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं तर किनाऱ्यावर उभ्या उभ्या तेच होतं जे काल पाण्यात झालं.

खर्च: ऑइल 10 लिटर 6,200, फिल्टर दोन 1,300, प्लग तीन 1,650. एकूण 9,150 रुपये. दोन दिवसांचा बुडालेला धंदा वेगळा, तोही भाऊबीजेच्या आठवड्यातला.

6 नोव्हेंबर, बुधवार

मॅन्युअलमध्ये उपाय दिलेलाच आहे: ओढण्याआधी ती नळी चिमटून बंद करा, आणि ताशी 8 किलोमीटरच्या वर जाऊ नका. चिमटा आणला, प्लॅस्टिकचा, 250 चा एक, असे दोन.

चिमटा चांगला आहे, हात पोचत नाही. नळी मागे, खाली, पंपाच्या भिंतीजवळ. ट्रेलरवर मिनिटभर लागलं. पाण्यात, लाटेत, सीट काढून, ओणवं होऊन तोच चिमटा लावायला चार मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात उघड्या सीटमधून दोन लाटा आत आल्या. इंजिन बंद म्हणजे आतलं पाणी उपसणारी बिल्जची नळीही बंद, ती जेटच्या ओढीवरच चालते.

वर्कशॉपमधला लॉकिंग प्लायर लावून पाहिला. नळी बंद झाली, पण दात नळीच्या कापडी थरात रुतले. लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या ठेवून लावा.

निर्णय: नळीत कायमचा व्हॉल्व्ह बसवायचा, सीट उचलली की लगेच हाताला लागेल अशा जागी.

7 नोव्हेंबर, गुरुवार

एक दिवस वाया, 480 रुपये वाया. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणला होता. ‘पाणी आपोआप अडेल, कुणाला काही लक्षात ठेवायला नको.’ टेबलावर फुंकून पाहताना उजेड पडला. नॉन-रिटर्न उलट वाहणारं पाणी अडवतो. ओढताना पाणी त्याच दिशेने जातं ज्या दिशेने रोज कूलिंगचं जातं. तो बिचारा आनंदाने उघडा राहणार. हा विचार बऱ्याच जणांना सुचतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

9 नोव्हेंबर, शनिवार

ताशी 8 हा आकडा कुठून येतो ते बघायचं होतं. किनाऱ्यावर कुणी तो मानत नाही, ‘एवढ्या हळू कोण आणणार’ म्हणतात.

आज भांग (भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तो दिवस), कर्ली नदीच्या आतल्या बाजूला पाणी जवळजवळ स्थिर. स्की नंबर 3 ची कूलिंगची नळी इंजिनाकडून सोडली, इंजिनाकडचं टोक बूच मारून बंद केलं. नळीला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडून हँडलला उभी बांधली, शेजारी पट्टी. तीन मीटर नळी, 270 रुपये. एक जण स्कीवर बसून पट्टी वाचणार, होडी ठरलेल्या वेगाने ओढणार.

कागदावरचा हिशोब सोपा: वेगामुळे पाणी किती वर चढू शकतं ते. ताशी 5 ला 10 सेंटिमीटर, 8 ला 25, 10 ला 39, 15 ला 88, 20 ला दीड मीटरच्या वर. वेग दुप्पट केला की उंची चौपट. प्रत्यक्षात जाळी आणि न फिरणारा इंपेलर वाटेत असल्याने पाणी हिशोबाच्या दोन-तृतीयांशापर्यंतच चढताना दिसलं. 8 ला 16-17 सेंटिमीटर, 10 ला 26. पंधराला वाचणाऱ्याने पट्टी सोडून दिली, कारण नळीच्या वरच्या तोंडातून पाणी त्याच्या मांडीवर पडायला लागलं.

एक्झॉस्टच्या वाटेत एक चढ आहे, तो ओलांडल्यावरच पाणी पलीकडे साठतं. आमच्या स्कीवर पाण्याच्या रेषेपासून त्या चढापर्यंतची उंची पट्टीने 24 सेंटिमीटर भरली. म्हणजे 8 ला पाणी चढाच्या खाली राहतं, 10 ला पलीकडे सांडतं. आठचा आकडा भीतीपोटी लिहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट पट्टीवर दिसली. दोर सैल पडून झटका बसला की पाण्याची पातळी क्षणभर उसळते. सरासरी 7 ठेवूनही झटक्याला 30 सेंटिमीटरच्या वर गेली. आणि एकदा चढ ओलांडून गेलेलं पाणी परत येत नाही, पलीकडे साठत राहतं. तीन किलोमीटरच्या वाटेत असे शंभर झटके बसतात.

10 नोव्हेंबर, रविवार

दोर. काल आठ मीटरचा होता, झटके त्यामुळेच. मॅन्युअलप्रमाणे होडी आणि स्की यांच्या मिळून लांबीच्या तिप्पट दोर हवा. होडी 6 मीटर, स्की 3.35, म्हणजे 28 मीटर. 12 मिलिमीटरचा नायलॉन 30 मीटर घेतला, 1,350 रुपये. नायलॉन ताणतो, झटका खातो. पण तो बुडतो, आणि होडी थांबवली की सरळ तिच्याच पंख्याकडे जातो. एकदा गेला. मधोमध जाळ्याचे दोन फ्लोट बांधले, तेव्हापासून वर दिसतो. स्कीच्या बाजूला दोर फक्त नाकाखालच्या कड्यात. हँडलला किंवा मागच्या कड्याला नाही.

12 नोव्हेंबर, मंगळवार

पितळेचा पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह, प्लंबिंगच्या दुकानातला, 420. नंबर 3 वर बसवला, पाण्यात इंजिन चालवलं. बाजूने पाण्याची जी बारीक धार दिसते ती मंदावली. एक लिटरची बाटली धारेखाली धरून मोजलं: आधी 11 सेकंद लागत होते, आता 19.

काढून कॅलिपर लावला. बॉलमधलं भोक 12 मिलिमीटर. नळी आतून 19. म्हणजे वाट चाळीस टक्क्यांवर आली. दुकानात ‘पाऊण इंची’ म्हणतात ते आट्यांच्या मापाचं नाव, आतल्या भोकाचं माप नाही. शिवाय पितळी व्हॉल्व्हचं हँडल लोखंडी असतं, ते खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं.

फुल बोअर (आतली वाट अरुंद न होणारा) मागा, आणि विकत घेण्याआधी आरपार बघा.

14 नोव्हेंबर, गुरुवार

ग्लास-फिल्ड नायलॉनचे बोटीचे फुल बोअर व्हॉल्व्ह आले, तीन, प्रत्येकी 850. नळी जिथे चढते त्या टोकाचं भोक 16 मिलिमीटर. एकोणीसपेक्षा कमीच, पण नळीत घालायचं टोक म्हटल्यावर भिंत जाणारच. बाटली 12 सेकंदांत भरली. चालेल.

बसवताना: नळी सरळ भागात कापा, वळणावर नाही. धारदार सुरी, करवत नको. करवतीचा रबराचा भुसा थेट कूलिंगच्या बारीक वाटांत जातो. कापण्याआधी हँडल फिरायला जागा आहे का ते पाहा. नंबर 1 वर पाहिलं नाही, हँडल बॅटरीच्या पट्ट्याला अडत होतं, व्हॉल्व्ह फिरवून पुन्हा बसवला, चाळीस मिनिटं. प्रत्येक टोकाला 316 प्रतीच्या स्टीलच्या दोन क्लिपा, स्क्रू विरुद्ध बाजूंना. ही नळी सुटली तर पंप सगळं पाणी हलमध्ये (स्कीच्या पोकळ अंगात) ओततो आणि स्की मिनिटांत जड होते, त्यामुळे क्लिपेत पैसे वाचवू नका. चौदा क्लिपा 980 रुपये, दोन सुट्या ठेवल्या.

17 नोव्हेंबर, रविवार

परवा त्रिपुरी पौर्णिमा झाली, आज उधाण. दुपारी ओहोटी जोरात असताना नदीच्या मुखाजवळ मुद्दाम चाचणी. व्हॉल्व्ह उघडे, कारण वेगाचा प्रश्न बघायचा होता. होडीवरच्या मोबाइलच्या जीपीएसवर ताशी 6, ओहोटीच्या विरुद्ध आत येताना. स्कीवरची पट्टी मात्र दहाच्या वरचा वेग सांगत होती.

जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो. इंजिनात पाणी ढकलणारा वेग पाण्यातला असतो. ओहोटीच्या विरुद्ध ओढताना ओहोटीचा वेग त्यात मिसळा. देवबागला बंद पडलेली स्की बहुतेक वेळा बाहेरून आतच आणायची असते, आणि दुपारच्या ओहोटीत हा फरक नेमका नको तेव्हा येतो.

यावर उपकरण नको. नारळाचं सोडण (वरची साल) पुरतं. होडीच्या नाकाजवळ पाण्यात टाका, मागच्या टोकापर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजा. सहा मीटरच्या होडीला तीन सेकंद म्हणजे ताशी सव्वासात. दोन सेकंदांत आलं तर 11 च्या जवळ, लगेच हळू करा. सोडण पाण्याबरोबर वाहतं, त्यामुळे ओहोटीचा हिशोब आपोआप होतो. ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदानाचा दिवस, पर्यटक नाहीत, निवांत चाचणी. व्हॉल्व्ह बंद करून नंबर 3 दोन किलोमीटर ओढली, आधी 8 ने, मग मुद्दाम 15 ने. किनाऱ्यावर तिन्ही प्लग काढले, कोरडे. वॉटर बॉक्स उपसला, रोज चालून थांबल्यावर राहतं तेवढंच पाणी.

तरी व्हॉल्व्ह आहे म्हणून 15 ने ओढायचं नाही असं ठरवलं. एक्झॉस्टचं तोंड मागे पाण्याजवळच असतं, आणि नाक खाली दाबलं गेलं तर वेगात लाट वरून येते.

मग खरा घोळ झाला. चाचणी संपली, व्हॉल्व्ह बंदच, आणि इंजिन सुरू केलं. धार दिसली नाही म्हणून आठेक सेकंदांत बंद केलं. बंद व्हॉल्व्हवर इंजिन चालवणं म्हणजे थंड पाण्याशिवाय चालवणं. पाण्याविना पंधरा सेकंदांच्या वर चालवू नये. एक्झॉस्टच्या रबरी नळ्या आधी भाजतात, अलार्म त्यानंतर वाजतो. पाणी घुसण्यापासून इंजिन वाचवायला बसवलेला व्हॉल्व्ह जाळण्याचं साधन होऊ शकतो, आणि हे पहिल्याच दिवशी, बसवणाऱ्यांच्याच हातून.

21 नोव्हेंबर, गुरुवार

पहिली कल्पना: व्हॉल्व्ह असा फिरवून बसवायचा की बंद असताना हँडल वर उभं राहील आणि सीट लागणारच नाही. नंबर 3 वर करून पाहिलं, दीड तास. सुंदर चाललं. मग लक्षात आलं की व्हॉल्व्ह बंद असतो ओढताना, आणि ओढताना सीट लागलेलीच हवी. परत पहिल्यासारखं.

दुसरी कल्पना टिकली. इंजिन सुरू व्हायला मनगटाच्या दोरीची क्लिप स्विचखाली अडकवावी लागते. व्हॉल्व्हच्या हँडलला स्टीलचा कॅराबिनर कायमचा बांधला, 180 चा एक. व्हॉल्व्ह बंद केला की मनगटाची दोरी त्या कॅराबिनरमध्ये अडकवून सीट लावायची. नंतर कुणालाही इंजिन सुरू करायचं तर दोरी शोधावी लागते, दोरीसाठी सीट काढावी लागते, आणि सीट काढली की आडवं हँडल समोर. हँडलला लाल रंग दिला. होडीवर सुटी दोरी ठेवायची नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

तीन पोरांना न सांगता सराव. ‘स्की बंद पडली, आणा.’ सीट काढणं, व्हॉल्व्ह आडवा, दोरी कॅराबिनरमध्ये, सीट बंद: 35 ते 50 सेकंद. चिमट्याला चार मिनिटं लागली होती.

तिघांपैकी एकाने दोर बांधण्याआधी मागचं पाणी बघितलं नाही. स्की मागून नेहमीपेक्षा खोल बसलेली असेल तर आत पाणी आहे. ते आधी उपसायचं, नाहीतर ओढताना ती आणखी बसते. स्की उलटलेली असेल तर सरळ करताना मागच्या स्टिकरवरच्या बाणाच्याच दिशेने फिरवायची. उलट फिरवली तर वॉटर बॉक्समधलं पाणी तिथल्या तिथे इंजिनात जातं, मग व्हॉल्व्ह काय करणार.

होडीवाल्यांना सांगितलेली एकच गोष्ट: कुणी वेगाने ओढून आणली आणि व्हॉल्व्ह उघडा होता, तर किनाऱ्यावर स्टार्टरला हात लावू नका. आधी वॉटर बॉक्स, मग प्लग.

24 नोव्हेंबर, रविवार

हिशोब. एका स्कीला व्हॉल्व्ह 850, चार क्लिपा 280, कॅराबिनर 180: 1,310 रुपये. तिन्हींचे 3,930, सुट्या क्लिपा 140, दोर 1,350, चाचणीची नळी 270. वाया गेलेले: पितळी व्हॉल्व्ह 420, नॉन-रिटर्न 480. चिमटे 500 चे, ते होडीत ठेवलेत, दुसऱ्याची स्की आणायची वेळ आली तर. पेट्रोल धरलेलं नाही.

नंबर 1 वर दहा तासांच्या चालण्यानंतर पंपाकडची एक क्लिप अर्धा फेरा सैल मिळाली, आवळली. नवीन नळी टोकावर बसताना थोडी दबते, त्यामुळे दहा तासांनी सगळ्या क्लिपा एकदा पाहायच्या. नंबर 2 ची पाळी मंगळवारी. तिचं ऑइलही त्याच दिवशी डिपस्टिकवर बघायचं आहे, अजून करडी छटा वाटते.